कुर्ल्याची फियाट जोरात पळवायची म्हणजे नेमकं काय करायचं? हेड, जेट, टायमिंग, ब्रेक – आकड्यांसकट

पाना_बारा

साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं मुंबई-पुण्याकडच्या घरात पहिली गाडी आली की ती बऱ्याचदा कुर्ल्याची फियाट, म्हणजे प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात बनलेली, असायची. १९६४ ची ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं, यंत्र तेच राहिलं. वडिलांची गाडी वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हाती आली की प्रयोग ठरलेले असत: हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून आण, मोठं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) टाक, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे घे, सायलेन्सर बदल, पुढच्या स्प्रिंगा काप.

आता याच गाड्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर निघतायत आणि नवी मुलं तेच प्रयोग पुन्हा करतायत, तेही ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर. म्हणून हा धागा. आठवणींसाठी दुसरा धागा चालू आहे, इथे आकडा, पद्धत आणि काय बिघडतं तेवढंच लिहूया.

पाया म्हणून मूळ माहिती: चार सिलिंडर, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, १०८९ सीसी, पुशरॉड, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, ताकद सुमारे ४० बीएचपी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, चारही चाकांना ड्रम.

पहिला प्रश्न हेडचा. किती घासावं?

हेडगॅस्केट

"किती घासावं" हा प्रश्नच उलटा आहे. आधी चेंबर (हेडमधला, पेट्रोल जळतं तो खळगा) किती सीसीचा आहे ते मोजायचं आणि मग घासायचं. या गाड्यांची बरीच हेडं गाडी गरम होऊन वाकल्यामुळे एक-दोनदा फेसिंग झालेली असतात. मागच्याने किती काढलं हे कुणाला माहीत नसतं. त्यावर आणखी एक मिमी काढलं तर हेड भंगारात.

मोजायची पद्धत. वॉल्व्ह आणि प्लग लावून हेड उलटं, पाणसळीत ठेवा. ६ मिमी जाड ॲक्रिलिकचा तुकडा घ्या, त्याला दोन भोकं पाडा, एक भरायला आणि दुसरं हवा निघायला. चेंबरच्या कडेने ग्रीसचा पातळ थर लावून तुकडा दाबून बसवा. ५० मिलीच्या ब्युरेटमधून रंग घातलेलं रॉकेल सोडा, शेवटचा बुडबुडा गेला की आकडा लिहा. चारही चेंबर मोजा. त्यांच्यात अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी मोठ्या चेंबरच्या वॉल्व्ह सीट बघा, कारण सीट जास्त खाली गेली की चेंबर वाढतो.

आता हिशोब. एका सिलिंडरचं घनफळ २७२.४ सीसी. चेंबर, दाबलेल्या गॅस्केटची जागा आणि पिस्टन वर असताना उरलेली जागा, या तिन्हींची बेरीज म्हणजे एकूण. ७० मिमी भोकाची, दाबून दीड मिमी राहणारी गॅस्केट एकटीच ५.८ सीसी खाते, ती विसरू नका. सिलिंडर आणि ही बेरीज मिळून होणारं घनफळ भागिले ही बेरीज, म्हणजे कॉम्प्रेशन. बेरीज ४० सीसी आली तर कॉम्प्रेशन ७.८. ३८ आली तर ८.२. ३६ आली तर ८.६. ३४ आली तर ९.

किती मिमी काढायचं ते चेंबरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं. चेंबरच्या तोंडाला शाई लावून आलेख कागदावर छाप घ्या आणि चौकटी मोजा. समजा ३० चौरस सेंमी आलं. मग १ मिमी काढल्यावर ३ सीसी जातात. ४० वरून ३७.८ वर यायचं तर पाऊण मिमीच्या आत काम होतं. कुणी लेथवाला न मोजता "साठ थाउ मारून देतो" म्हणाला तर हेड उचलून घरी आणा. साठ थाउ म्हणजे दीड मिमी.

भरधाव

जुने मेकॅनिक हेड घासल्यावर गाडी चांगलीच उचलायची असं सांगतात. ४० ची ५० बीएचपी व्हायची का?

अपर्णा_एस

नाही. कागदावर करून बघा. आदर्श चक्रात कार्यक्षमता कॉम्प्रेशनवर अवलंबून असते. ७.८ ला ती ५६.० टक्के येते, ८.५ ला ५७.५ टक्के. म्हणजे आधीच्या तुलनेत पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. ४० बीएचपीवर तो साधारण एक बीएचपी झाला. बोअरिंगचंही तसंच. १ मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर १०८९ चे ११२२ सीसी होतात, तीन टक्के.

मग गाडी "उचलायची" ते का? हेड काढलं की त्यासोबत कार्बन साफ व्हायचा, वॉल्व्ह घासून बसवले जायचे, नवी गॅस्केट यायची, टॅपेट (वॉल्व्हचे गॅप) लागायचे, प्लग आणि पॉइंट बदलले जायचे. गळका वॉल्व्ह नीट बसला की मेलेला सिलिंडर परत येतो. ते आठ-दहा बीएचपी आधी हरवलेले होते, ते परत मिळाले. श्रेय मात्र लेथला गेलं.

हेडगॅस्केट

अपर्णाताईंचा हिशोब बरोबर आहे आणि आमच्या धंद्यात तो कुणी सांगत नाही. एकच भर घालतो. वॉल्व्ह सीट ४५ अंशांत कापून सोडून देऊ नका. वरून ३० आणि आतून ६० अंशांचा हलका हात फिरवा. इनटेकला बसायची पट्टी १.२ ते १.५ मिमी ठेवा, एक्झॉस्टला थोडी रुंद, १.५ ते १.८, कारण एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच सोडतो. पट्टी फार बारीक केली की तो जळतो. या कामाला पैसे हेड घासण्याइतकेच लागतात आणि फायदा जास्त होतो.

इनटेकची वाट आरशासारखी चकचकीत करायची हौस असते, ती नको. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवरून ओघळतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा खरखरीतपणा राहू द्या. फक्त गॅस्केटची कड आत आलेली असेल ती कापा. एक्झॉस्टची वाट मात्र हवी तेवढी चकचकीत करा, कार्बन कमी धरतो.

हेड खाली आलं की पुशरॉड तेवढेच लांब ठरतात. टॅपेटचा स्क्रू पुरा मागे घेऊनही गॅप येत नसेल किंवा रॉकर वॉल्व्हच्या दांड्यावर मधोमध न बसता कडेला घासत असेल, तर रॉकर शाफ्टच्या पायांखाली काढलेल्या मापाच्या शिम घाला. हे न केल्यामुळे वॉल्व्ह गाइड सहा महिन्यांत ढिली होते आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो. मग दोष पिस्टन रिंगांना दिला जातो.

नाना_पेठ

कुठलाही भाग विकत घ्यायच्या आधी दोन गेज आणा: कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज.

इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टर सहा फेऱ्या फिरवा. ॲक्सिलरेटर दाबला नाही तर इंजिनला हवाच मिळत नाही आणि आकडा खोटा येतो. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, ५ मिली, इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर मधल्या जागी गॅस्केट फुटली आहे, हे जवळपास नक्की.

व्हॅक्यूम गेजचा काटा आयडलला १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर हवा. कमी पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा ओढतेय. ठरावीक ठेक्यात झटका देत असेल तर एक वॉल्व्ह बसत नाही.

हवा ओढण्याची पहिली जागा सोलेक्स कार्बोरेटरचा थ्रॉटल शाफ्ट. पन्नास वर्षांत तो शाफ्ट बॉडीतलं भोक अंडाकृती करतो. कार्बोरेटर हातात धरून शाफ्टचं टोक वरखाली हलवा. नखाला खेळ जाणवला तरी पुष्कळ झाला. आयडलला शाफ्टच्या टोकाशी कार्ब क्लीनर हलकेच मारा. इंजिनाचा आवाज बदलला म्हणजे तिथून हवा जाते. उपाय एकच, भोक मोठं करून पितळी बुश आणि नवा शाफ्ट. हे केल्याशिवाय मिक्श्चरचा स्क्रू फिरवत बसण्याला काही अर्थ नाही.

दुसरी जागा कार्बोरेटरच्या पायाची पट्टी. नट करकचून आवळल्याने ती दोन्ही कानांकडे वाकते. काचेवर ४०० नंबरचा पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासत राहा. मधला काळा पट्टा नाहीसा होऊन सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. वाकलेल्या पट्टीखाली जाड गॅस्केट दोन-दोन घालणं हा उपाय नव्हे, त्याने पट्टी आणखी वाकते.

तळेगावचा_बंड्या

ई-२० बद्दल कुणीतरी नीट लिहा. अर्धे म्हणतात इंजिन जातं, अर्धे म्हणतात काही होत नाही. घासलेल्या हेडला ते चालतं का?

अपर्णा_एस

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून सुटं करून सांगते.

ऑक्टेनच्या (न ठोकता दाब सोसायच्या पेट्रोलच्या क्षमतेच्या) बाजूने ई-२० चांगलं. या गाड्यांच्या तारुण्यात साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं होतं, म्हणून जरा हेड घासलं की चढावर इंजिन टिकटिकायचं. ई-२० चं ऑक्टेन ९५ च्या आसपास आहे. ८.५ कॉम्प्रेशन आज पूर्वीपेक्षा कमी धोक्याचं आहे, हे मान्य करायला हवं.

मिक्श्चरच्या बाजूने ते वाईट. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. ई-२० ला साधारण १३.५. जेट मात्र जुनंच. म्हणजे तुमची गाडी काही न करता आठ टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाली. लक्षणं अशी: थंड इंजिन चोक काढून घेतला की बंद पडतं, अर्ध्या थ्रॉटलला गाडी झटके खाते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहतो.

सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिमीच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिमी. पेट्रोल व्यासावर नाही, क्षेत्रफळावर वाहतं. १२० च्या जागी १२५ टाकलं की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे मूळ जेटपेक्षा एक पायरी वर, बस. काहीजण १४० टाकतात, ते ३६ टक्के झालं. मग प्लग काळे पडतात, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि रिंगा जातात. पायलट जेटही त्याच प्रमाणात एक पायरी वर न्या, नाहीतर आयडल ते हलक्या थ्रॉटलपर्यंतचा भाग लीनच राहतो.

जेट हाताच्या ड्रिलने मोठं करू नका. भोक वाकडं होतं, कडेला बूर राहतो आणि १२५ लिहिलेलं जेट ११८ सारखं वाहतं.

भरधाव

प्लगचा रंग चॉकलेटी आला की मिक्श्चर बरोबर, एवढं पुरत नाही का?

नाना_पेठ

तो नियम शिसं असलेल्या पेट्रोलचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे आणि आता त्यात इथेनॉल. बरोबर चालणाऱ्या इंजिनाचा प्लगही फिकट करडा, जवळपास पांढरा दिसतो. चॉकलेटी दिसेपर्यंत जेट वाढवत गेलात तर मिक्श्चर नक्की रिच (पेट्रोल जास्त) कराल.

पीयूसी केंद्रावरच्या यंत्राचा उपयोग करा. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला आयडलला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. आयडलला सीओ दीड ते अडीचमध्ये ठेवा. सीओ कमी पण हायड्रोकार्बन जास्त दाखवत असेल तर मिसिंग आहे. प्लग, वायर, वॉल्व्ह बघा, स्क्रू फिरवू नका.

खर्च करायचा असेल तर एक्झॉस्टला बुश वेल्ड करून वाइडबँड सेन्सर बसवा. फक्त मीटर लॅम्डावर ठेवा (लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागेल नेमकी तेवढीच हवा). हवा-पेट्रोलचं गुणोत्तर दाखवणारे मीटर शुद्ध पेट्रोल धरून चालतात, ई-२० वर तो आकडा फसवतो. सरळ रस्त्यावर एका वेगात ०.९५ ते १, पूर्ण दाबल्यावर ०.८५ ते ०.८८.

तळेगावचा_बंड्या

आणि रबर?

नाना_पेठ

सगळं बदला. टाकी ते पंप आणि पंप ते कार्बोरेटर, दोन्हीकडचे पाइप. "पेट्रोल पाइप" म्हणून मीटरवर मिळणारा साधा काळा पाइप आतून सुटतो आणि त्याचा काळा भुगा सुईच्या सीटवर बसतो. मग कार्बोरेटर ओव्हरफ्लो. इथेनॉलला चालणारा, इंजेक्शनच्या गाड्यांचा पाइप घ्या. पंपाचा डायाफ्राम जुन्या साठ्यातला असेल तर तो फुगतो आणि चिरतो. चिरला की पेट्रोल थेट ऑइल संपमध्ये जातं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर इंजिन चालूच करू नका, आधी पंप आणि मग ऑइल बदला.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते, इथेनॉल पाणी ओढतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला वेगळा बसतो. पाइप नेमका तळातूनच ओढतो. कार्बोरेटरच्या भांड्यात पांढरी भुकटी दिसली तर हेच झालंय. दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी ठेवायची तर टाकी आणि भांडं दोन्ही रिकामं.

उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यावर पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओला फडका टाकत. तो उपाय शास्त्राला धरून आहे, पण कायमचा करायचा तर पंप आणि ब्लॉकमधला बेकेलाइटचा जाड तुकडा शाबूत आहे का बघा आणि एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याची आड लावा.

पाना_बारा

टायमिंगवर यायला हवं. घासलेल्या हेडवर लोक टायमिंगही पुढे घेतात आणि तिथेच पिस्टन फुटतात.

क्रम पाळा: आधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडला की ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे सरकतं. लुकास-टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फिलर गेज हलकेच घासून जाईल इतकाच. शाफ्टला बाजूचा खेळ असेल तर गॅप दर फेरीला वेगळा येतो. तिथे डिस्ट्रिब्युटर बुशिंगला द्या, बाकी सगळं त्यानंतर.

स्टॅटिक टायमिंगला फक्त एक १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब लागतो. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या बारीक वायरीला, दुसरी बॉडीला. चावी चालू. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की पेटतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाटीवर इंच-इंच पुढे ढकला. चार नंबरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलत असतील तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो. पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आली त्याच क्षणी बल्ब पेटायला हवा. खुणेच्या पुढे गेलात तर मागे ढकलून परत जुळवू नका. टायमिंग चेनचा ढिलेपणा उलटा येतो आणि दोन-तीन अंशांची चूक होते. अर्धी फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे या.

मग रस्त्यावर. इंजिन गरम, चौथा गिअर, ४० चा वेग, हलका चढ, ॲक्सिलरेटर पूर्ण. डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज क्षणभर येऊन गेला तर चालेल. टिकून राहिला तर एक-दोन अंश मागे घ्या. आवाज अजिबात नाही म्हणून पुढे घेत सुटू नका. जास्त वेगात टायरच्या आणि वाऱ्याच्या गोंगाटात तो ऐकूच येत नाही आणि तिथेच पिस्टनच्या कडेचा तुकडा उडतो.

भरधाव

सायलेन्सर आणि दोन कार्बोरेटर राहिले. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा फियाटवर हे सगळं करत असत ना?

अपर्णा_एस

शर्यतीच्या गाड्यांवर करत, पण त्या ४५०० आरपीएमच्या वर चालवायच्या गाड्या. दोन कार्बोरेटरचा फायदा तिथेच सुरू होतो. रस्त्यावर दोन सोलेक्स लावले तर हवा प्रत्येकातून अर्ध्या वेगाने जाते, व्हेंच्युरीत ओढ कमी पडते आणि खालचा पिकअप जातो. दोन्ही फुलपाखरं एकदम उघडणारी लिंकेज पंधरा दिवसांत ढिली होते, मग दोन सिलिंडर लीन आणि दोन रिच. कॅम आणि वॉल्व्ह स्प्रिंग बदलणार नसाल तर या वाटेला जाऊ नये.

एक्झॉस्टला एवढ्या इंजिनाला ३८ ते ४१ मिमी आतला व्यास पुरतो. ५० मिमीचा पाइप टाकला की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढावर मरते. सायलेन्सर कापून नुसता पाइप ठेवला तर फक्त आवाज वाढतो आणि दंडाची पावती मिळते.

फुकटातला फायदा कुणी घेत नाही तो सांगते. बॉनेटखालची हवा ६० अंश असते, बाहेरची ४०. साठची हवा सहा टक्क्यांनी विरळ. एअर क्लीनरच्या तोंडाला ६० मिमीचा लवचीक पाइप लावून त्याचं टोक ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या बाजूला न्या. रेडिएटरच्या मागे नको, तिथे आणखी गरम हवा मिळते. तोंड खाली वळवा म्हणजे पावसाचं पाणी आत ओढलं जाणार नाही. हेड घासण्याइतका किंवा जास्त फरक एका पाइपात.

घाटवाट

एवढा वेळ सगळे पळवण्यावर बोलतायत. थांबवायचं कसं?

८० च्या वेगात थांबायला ब्रेकना जेवढी उष्णता पचवावी लागते त्याच्या दीडपट, नेमकं बोलायचं तर ५६ टक्के जास्त, १०० च्या वेगात लागते. ड्रम ती हळू सोडतात. ड्रम तापला की फुगतो आणि लाइनिंगपासून लांब जातो, पेडल खाली जातं आणि लाइनिंगची पकडही सुटते. बोरघाट किंवा वरंध उतरताना तिसऱ्या वळणानंतर पेडल लाकडासारखं कडक पण गाडी थांबत नाही, हा लाइनिंगचा फेड. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं तर फ्लुइड उकळलंय. दोन्हींचे उपाय वेगळे.

फ्लुइडचं आधी. नवीन डॉट-३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश. तेच पाणी शोषून जुनं झालं की १४०. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळा काढलेलं फ्लुइड दर दोन वर्षांनी दसऱ्याच्या सुमारास पूर्ण बदला. ब्लीडिंग मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. या गाड्यांना हायड्रॉलिकचा एकच मार्ग असतो. एक होज फुटला तर चारही ब्रेक जातात, म्हणून रबरी होज चिरा दिसायची वाट न बघता बदला.

मग ड्रम. डायल गेजवर ०.१ मिमीपेक्षा जास्त अंडाकृती असेल तर लेथवर घ्या, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या पुढे नाही. नव्या लाइनिंगला ड्रमच्या आतून खडू लावून चाक फिरवा आणि ब्रेक हलका लावा. खडू फक्त मधे उमटला तर उत्तम, टोकांना घासून बसेल. फक्त टोकांना उमटला तर लाइनिंग टोकांकडून घासा, नाहीतर ब्रेक एकदम धरतात आणि गाडी एका बाजूला ओढते.

माझ्या मते हे झाल्याशिवाय या धाग्यातलं वरचं काहीही करू नये. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

भरधाव

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली तर वळणावर फायदा होतो ना?

घाटवाट

आठ वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग १४ टक्के कडक होते, ते ठीक. पण बहुतेक ठिकाणी गॅसने कापतात, पोलाद तापतं, पोलादाला दिलेलं पाणी (टणकपणा) तिथे उतरतं आणि स्प्रिंग काही महिन्यांत तिथूनच बसते किंवा तुटते. कापायचीच तर ग्राइंडरच्या चकतीने, ओल्या फडक्याने गार करत. पुढचे विशबोन खाली गेल्यावर चाकाचा कोन बदलतो, अलाइनमेंट केलं नाही तर टायर आतल्या बाजूने जातात. मागे पाटे आहेत, त्यांचा बाक मोडला की ॲक्सल वळणावर उड्या मारतो.

जुने शॉक ॲब्सॉर्बर आणि पाट्यांचे बुश बदलून बघा, निम्म्या गाड्यांना खाली बसवायची गरजच उरत नाही.

टायर घेताना व्यास मोजा. १५५/८० आर १४ चा व्यास ६०४ मिमी, १६५/६५ आर १४ चा ५७० मिमी. दुसरा लावला की प्रत्येक गिअर साडेपाच टक्के ठेंगणा होतो. पिकअप वाढल्यासारखा वाटतो, स्पीडोमीटर सहा टक्के जास्त दाखवतो आणि ८० ला इंजिन जास्त ओरडतं.

तळेगावचा_बंड्या

प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं ११७१ सीसीचं निस्सानचं इंजिन पद्मिनीत घालतात. ते सरळ उत्तर नाही का? ५० च्या वर बीएचपी तयारच मिळतात.

पाना_बारा

यांत्रिकदृष्ट्या होतं. गिअरबॉक्ससकट घालावं लागतं, माउंटिंग नवी करावी लागतात, प्रॉपेलर शाफ्ट कापून परत बॅलन्स करावा लागतो. बॅलन्स केला नाही तर ७० च्या पुढे बूड थरथरतं.

कायद्याचं मात्र आधी समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापासून वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघणार.

आणखी एक, जे तरुण मालकांना माहीत नसतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. ती रोज वापरता येत नाही. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. आज इंजिन बदललं तर हा दरवाजा बंद. शिवाय मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून गेली. टॅक्सींमुळे जो सुट्या भागांचा बाजार चालत होता तो आटतोय. तुम्ही काढून टाकलेलं मूळ इंजिन परत मिळेलच असं नाही.

म्हणून जो बदल करायचा तो परत फिरवता येईल असा करा. मूळ जेट, मूळ एअर क्लीनर, मूळ सायलेन्सर ऑइल लावून खोक्यात, वर नाव-माप लिहून ठेवा. हेड घासायचंच असेल तर दुसरं हेड घ्या. कुर्ल्याच्या भंगारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत सापडलं तर घेताना सरळपट्टी आणि ०.०५ मिमीचं फिलर गेज सोबत न्या. पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवा. गेज कुठेही आत गेलं तर भाव पाडा किंवा सोडा.

तळेगावचा_बंड्या

पटलं. हेड घासत नाही. वॉल्व्ह, बुश, जेट आणि ब्रेक. शेवटचं विचारतो, गॅस्केट बसवताना ग्रीस लावायचं की कोरडी? दोघा मेकॅनिकांनी दोन उत्तरं दिली.

हेडगॅस्केट

कोरडी, जोपर्यंत पाकिटावर वेगळं लिहिलेलं नाही. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा, ब्लॉकमधल्या स्टडच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका, नाहीतर बोल्ट तळाला पाण्यावर टेकतो आणि टॉर्क खोटा लागतो, कधी ब्लॉकला चीरही जाते. फियाटच्या गॅस्केटवर 'आल्तो' असं इटालियन छापलेलं असेल तर ती बाजू वर. उलटी बसली तर पाण्याची भोकं झाकली जातात आणि मागचा सिलिंडर तापतो.

आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कला. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून परत आवळणं इंजिन पूर्ण गार असतानाच, रात्रभर उभी ठेवून सकाळी. साधारण ५०० किमीनंतर एकेक बोल्ट पाव फेरी सैल करा आणि तोच लगेच टॉर्कला आणा, मगच पुढचा. सगळे एकदम सैल करू नका. त्यानंतर टॅपेट पुन्हा लावा, कारण हेड बसल्यावर गॅप कमी झालेला असतो.